ज्याचा त्याचा कचरेवाला बंद, आता एका भागाला एकच गाडी! कोणाला अनुभव आहे का?

कोपऱ्यावरचं_घर

नमस्कार मंडळी, डोकं पिकलंय म्हणून धागा काढतेय, लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या शहरात आत्तापर्यंत कचऱ्याचं असं होतं की ज्याने त्याने आपापली कंपनी बघायची. फोन करायचा, दर ठरवायचा, डबा ते देणार, न्यायला ते येणार, नाही पटलं तर दुसरी कंपनी. आता पालिकेने ठरवलंय की हे सगळं बंद. शहराचे भाग पाडणार, एका भागात एकच कंपनी, कचरा आणि रिसायकलिंग दोन्ही तीच नेणार, डबे पालिकेचे, बिल पालिकेचं. घरी पत्रक आलंय चार पानी, एकदम गुळगुळीत चकचकीत कागदावर, आणि तो कागद रिसायकलिंगमध्ये चालतो की नाही हे मात्र त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. घरात आम्ही दोघंच. ओला कचरा मागच्या अंगणात खड्ड्यात जिरवतो, बाटल्या-पुठ्ठे मी स्वतः नेऊन टाकते, उरतो तो कचरा म्हणजे पंधरा दिवसांत एक पिशवी आणि तीपण पोट खपाटीला गेलेली. म्हणून गेली सात-आठ वर्षं मी आणि शेजारच्या काकू मिळून एकच डबा वापरतो, बिल निम्मं निम्मं. आता पत्रक म्हणतंय प्रत्येक घराला वेगळा डबा सक्तीचा, शेअरिंग नाही आणि 'मला नको' म्हणायची सोयच नाही. म्हणजे मी कचरा कमी करते याचा दंड भरू का?

बरं गल्लीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो सुटलो, रोज उठून धडधड ऐकायला नको. यात तथ्य आहे, कारण मी मागच्या आठवड्यात मुद्दाम वहीत लिहून ठेवलं: चौदा घरं आणि सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या. मंगळवारी तर दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि मागे कोण जाणार यावर दहा मिनिटं नुसतं टीं टीं टीं. दुसरा तट म्हणतो आमचा कचरा, आमचा पैसा, आमची निवड. समोरच्या आजोबांचा डबा त्यांचा गाडीवाला पार अंगणातून ओढत नेतो आणि रिकामा करून परत जागेवर ठेवतो, इतकी वर्षं तोच माणूस येतोय, हे पालिकेची गाडी करणार आहे का म्हणतात.

मला दोन्ही पटतं आणि तिथेच घोडं अडलंय. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, तीन मिनिटं बोलायला मिळणार. काय बोलू?

---

बिनधास्त_बोका

विरोध करा, बाकी काही बोलू नका. एकदा मक्तेदारी दिली की ती कंपनी फोनसुद्धा उचलत नाही. आज निदान 'उद्यापासून येऊ नका' असं म्हणता येतं, तेवढाच आपल्या हातात दोर आहे, तो सोडायचा?

---

खडी_डांबर

मी रस्त्याच्या कामातला माणूस, कचऱ्यातलं मला कळत नाही, पण त्या सहा गाड्यांबद्दल सांगतो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा नावाच्या गावाजवळ १९५८ ते १९६० मध्ये एक मोठा प्रयोग झाला होता. मुद्दाम वर्तुळाकार रस्ते बांधले आणि वेगवेगळ्या वजनाचे ट्रक त्यावर रात्रंदिवस फिरवत ठेवले, रस्ता फुटेपर्यंत. त्यातून निघालेला ठोकताळा आमच्याकडे अजून वापरतात, की एक्सलवरचं (दोन बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचं) वजन वाढलं की रस्त्याची झीज त्याच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट तर झीज सोळापट. दहापट तर दहा हजारपट! आकडा अगदी देववाक्य नाही, रस्ता कसा बांधलाय त्यावर कमीजास्त होतो, पण अंदाज यावा इतपत बरोबर आहे. आता कारच्या एका एक्सलवर टनाच्या आतबाहेर वजन असतं आणि कचऱ्याच्या भरलेल्या गाडीच्या मागच्या एक्सलवर आठ-दहा टन सहज, करा गुणाकार.

लोक म्हणतात अहो पण कचरा तेवढाच आहे ना, सहा गाड्यांनी नेला काय आणि एकीने नेला काय. तसं नाही. कचरा दाबायचं यंत्र, पोलादी पेटी, उचलायचे हात, सगळं धरून ती गाडी रिकामी असतानाच बारा-पंधरा टनांची असते. सहा गाड्या म्हणजे ते रिकामं धूड सहा वेळा, आणि तेही गल्लीतल्या रस्त्यावरून, ज्याचा थर हायवेसारखा जाड कधीच नसतो. गल्लीत ट्रक म्हणाल तर कचऱ्याचाच रोजचा, बाकी फर्निचर वगैरे घेऊन कधीतरी एखादा येतो. तेव्हा रस्ता कोण खातं तर हीच गाडी खाते. आणि त्याचा खर्च तुमच्या कचऱ्याच्या बिलात दिसत नाही, रस्त्याच्या करात दिसतो, म्हणून कोणाला बोचत नाही.

बोका, तुमचा दोर मान्य, पण त्या दोराचं भाडं सगळी गल्ली भरतेय.

---

तळटीप

ताई, तुमची शेअरिंगची अडचण जशीच्या तशी अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉलला होऊन गेलीय, वाचाच.

तिथेही घरटी ज्याची त्याची कंपनी असायची. रिसायकलिंग आधीच शहराने एकत्र केलेलं, कचरा मात्र मोकळा. शहराने सगळ्या कंपन्यांना एकत्र बसवून करार केला आणि १ ऑक्टोबर २०१८ ला नवी पद्धत सुरू झाली, एक ते चार घरांच्या इमारतींसाठी. करार करताना ज्या कंपनीकडे आधी जितकी गिऱ्हाइकं होती साधारण त्या प्रमाणात तिला भाग वाटून दिले, म्हणजे पहिल्या दिवशी कोणी बुडालं नाही. (पुढे त्यातल्या काही छोट्यांनी आपला धंदा मोठ्यांना विकला, ते वेगळं.)

आणि मग उसळला डोंब. कशावरून? दर वगैरे होतेच, पण मुख्य म्हणजे हेच: शेजाऱ्याबरोबर डबा वाटून घ्यायला बंदी, आणि चार घरांच्या इमारतीला एक मोठा डबा पुरत असताना चार डबे आणि चार बिलं. कचरा जवळजवळ न करणारे लोक सगळ्यात जास्त चिडले, म्हणजे तुमच्यासारखेच. लोकांनी सह्या गोळा केल्या, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्ट म्हणालं मतदान घ्या. नोव्हेंबर २०१९ ला मतदान झालं आणि साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी नवी पद्धत राहू द्या म्हणून कौल दिला.

आता यात गोम अशी की मतदान झालं तेव्हा करार आधीच सही होऊन बसला होता. नियम रद्द झाला तरी कंपन्यांना पैसे द्यावेच लागतील, मग ते मालमत्ता करातून काढू, असं शहराचं म्हणणं होतं. म्हणजे प्रश्न 'हवं का नको' असा उरलाच नव्हता, 'पैसे या खिशातून का त्या खिशातून' असा झाला होता. म्हणून म्हणतो, सही व्हायच्या आधी बोला, आणि 'हवं' 'नको' यात तीन मिनिटं घालवू नका. करारातली कलमं मागा. तुमचं भांडण गाडी एक की सहा याच्याशी नाहीच मुळी, तुमचं भांडण डब्याच्या मापाशी आहे.

एप्रिल २०२५ पासून तिथे नवीन करार आहे, कंपन्यांच्या गटाऐवजी एका कंपनीला. म्हणजे पहिला करार संपतो तेव्हा परत सगळं उघडतं, तेही लक्षात असू द्या.

---

बिनधास्त_बोका

तळटीप, म्हणजे लोकांनी आधी आरडाओरडा केला आणि मग त्यालाच मत दिलं. हे आपण रोजच करतो 😀

---

पट्ट्यावरून

मी दोन वर्षं सॉर्टिंगच्या प्लांटमध्ये काम केलंय, कुठल्या ते विचारू नका. पत्रकात 'सगळं रिसायकलिंग एकाच डब्यात' असं आहे का? असेल तर थोडं लिहितो, कारण सुनावणीत यावर कोणी बोलत नाही, सगळे गाडी आणि बिल यावरच भांडतात.

एकाच डब्यात टाकायचं म्हटलं की लोक जास्त टाकतात हे खरं आहे. पण जास्त म्हणजे काहीही. पट्ट्यावर काय काय यायचं, बागेतला पाण्याचा पाइप, उशी, दिव्यांची माळ, बोलिंगचा बॉल, एकदा अख्खी सायकलची चेन तेलासकट. लोकांच्या मनात असतं की टाकून बघू, तिकडे कोणीतरी निवडेल. तो कोणीतरी म्हणजे मी.

सगळ्यात वाईट प्लास्टिकची पातळ पिशवी. पुठ्ठा वर राहावा आणि बाटल्या-डबे खाली पडावेत म्हणून तिथे फिरणाऱ्या चकत्यांच्या रांगा असतात, त्या चकत्यांच्या दांड्याला ह्या पिशव्या गुंडाळत जातात, गुंडाळत जातात, दुपारपर्यंत दांडा मांडीएवढा जाड होतो आणि मग चाळण बंद पडते. मग लाइन थांबवायची, वीज तोडायची, कुलूप लावायचं आणि आम्ही चार जण सुऱ्या घेऊन त्यात उतरायचो आणि ओणवं बसून ते कापायचो. रोज. लोक पिशवीत बाटल्या नीट भरून, गाठ मारून, शहाण्यासारखं टाकतात ना, त्यानेच जास्त ताप. सुट्या टाका हो!

पुढे लोखंडाला लोहचुंबक, अॅल्युमिनियमला एडी करंट (फिरत्या चुंबकामुळे धातूत उठणारा विजेचा प्रवाह), तो डबा अक्षरशः उडी मारून पलीकडे पडतो, नवीन माणूस पाच मिनिटं बघतच उभा राहतो. प्लास्टिक ओळखायला इन्फ्रारेडचा कॅमेरा, पण काळं प्लास्टिक त्याला दिसतच नाही, त्यातली काजळी सगळा प्रकाश पिऊन टाकते. काळा ट्रे कितीही घासून धुवून टाका, बहुतेक ठिकाणी तो कचऱ्यातच जातो. आणि लिथियमच्या बॅटऱ्या तर आजिबात टाकू नका कुठल्याच डब्यात, गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात, आमच्याकडे दोनदा आग लागली, दोन्हीदा रात्रपाळीत.

हे करारात कुठे बसतं? असं बसतं की प्लांटमधून निघणारी गासडी किती स्वच्छ यावर तिला भाव. चीनने २०१८ पासून परदेशी रद्दीवर निर्बंध आणले आणि भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली, तेव्हा कागदाचा भाव कोसळला आणि ज्या शहरांच्या करारात 'भाव पडला तर तोटा कोणाचा' हे नीट लिहिलेलं नव्हतं त्यांची पंचाईत झाली, काही ठिकाणी रिसायकलिंगच बंद पडलं. तर ताई, तेवढं एक विचारा: भाव चढला तर पैसे कोणाला आणि पडला तर खड्डा कोणाच्या गळ्यात.

---

कोपऱ्यावरचं_घर

बाप रे. पिशवीत गाठ मारून टाकणारी मीच ती. आत्ता लगेच जाऊन सोडून आले 🙏

तळटीप, डब्याच्या मापाचं पटलं पण थोडं फोड करून सांगा ना. पत्रकात तीन मापं आहेत, १२०, २४० आणि ३६० लिटर. लहान घेतला तर दर कमी आहे पण अगदी किंचित कमी.

---

तळटीप

बरोब्बर तिथेच बोट ठेवलंत. निम्म्याहून लहान डबा आणि दर जेमतेम कमी, म्हणजे लहान डबेवाले मोठ्या डबेवाल्यांचं बिल भरतायत. कंपनीचं म्हणणं असतं की गाडी दारापर्यंत आणायचा खर्च डबा केवढाही असला तरी तोच, आणि ते खोटं नाही, खर्चाचा मोठा भाग गाडी, ड्रायव्हर आणि डिझेल हाच असतो. पण कचरा टाकायला, जाळायला जिथे नेतात तिथे टनावर पैसे लागतात, तो भाग लहान डब्याचा कमी असतो. तेव्हा फरक फार मोठा नको पण दिसण्याइतका तरी हवा, नाहीतर सगळे मोठा डबा घेतात आणि मोठा डबा आला की तो भरतोच.

याच्या पार टोकाची उदाहरणं आहेत. दक्षिण कोरियात १९९५ पासून देशभर पैसे पिशवीवर, ठरावीक छापील पिशवी विकत घ्यायची, तिच्यातच कचरा, रिसायकलिंग मात्र फुकट. तैवानमधल्या तैपेईने २००० साली तेच केलं. तिथे डब्याचं भाडं हा प्रकारच नाही, जितक्या पिशव्या तितके पैसे, तुमच्यासारखीला पंधरा दिवसांत एक पिशवी पडेल. डब्याच्या पद्धतीत इतकं बारीक जमत नाही, पण 'पंधरा दिवसांतून एकदा लहान डबा' असा चौथा पर्याय मागता येतो, आणि गावाला गेलात तर तेवढे दिवस बिल बंद. हे दोन्ही गाडीच्या रूटमध्ये बसतं. शेअरिंग मागू नका, ते देणार नाहीत, कारण एकदा परवानगी दिली की कोण कोणाबरोबर आणि भांडण झालं तर बिल कोणाचं हे पालिकेला निस्तरावं लागतं.

बोका, तुमच्या मक्तेदारीचं उत्तर राहिलं होतं. भीती खरी आहे. पण सगळं शहर एकाच्या हातात द्यायलाच हवं असं कुठेय. सेंट पॉलच्या शेजारच्या मिनियापोलिसला १९७१ पासून निम्मं शहर शहराचीच माणसं बघतात आणि निम्मं खाजगी कंपन्यांचा गट, त्यामुळे खरा खर्च किती येतो हे शहराला घरबसल्या कळतं, कोणी टोपी घालू शकत नाही. अमेरिकेतल्याच फिनिक्समध्ये तर १९७९ पासून शहराचं खातं खाजगी कंपन्यांच्या बरोबरीने टेंडर भरायला लागलं. सुरुवातीला सपाटून हरलं, मग कामाची पद्धत बदलली, गाड्या बदलल्या, आणि पुढच्या काही वर्षांत हातचे गेलेले भाग परत जिंकले. स्पर्धा राहते, फक्त ती रोज गल्लीत नाही तर काही वर्षांनी एकदा टेंडरच्या टेबलावर होते.

---

बिनधास्त_बोका

फिनिक्सचं माहीत नव्हतं. ठीक आहे, अर्धा पाय मागे घेतो. पण कंपनीने डबा चुकवला तर तिला दंड हे कलम नसेल तर माझा विरोध कायम. आमच्या ओळखीत एकांकडे तीन आठवडे गाडी आलीच नाही आणि कंपनी म्हणे आमच्या जीपीएसवर गाडी येऊन गेलेली दिसतेय.

---

नंदिनी_७

समोरच्या आजोबांसाठी लिहितेय, माझी आई त्याच अवस्थेत आहे म्हणून.

नवीन गाड्या बहुतेक बाजूने उचलणाऱ्या येतील, एकच ड्रायव्हर, तो केबिनमधून खाली उतरतच नाही, लोखंडी हात बाहेर येतो आणि डबा धरून वर उलटा करतो. यात वाईट काही नाही, उलट मागे लटकून जाणाऱ्या माणसांचे जे अपघात होतात ते वाचतात. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांत कचरा उचलणं हे जवळजवळ दरवर्षी सगळ्यात जीवघेण्या दहा कामांत असतं. पण यंत्राला आजोबा दिसत नाहीत. डबा रस्त्याच्या कडेला हवा, दोन डब्यांत हातभर मोकळी जागा हवी, झाकण पूर्ण बंद हवं, नाहीतर गाडी पुढे.

तेव्हा पालिकेला आधीच सांगायचं की ज्यांना ओढणं जमत नाही त्यांच्यासाठी अंगणातून नेण्याची सोय, जादा पैसे न घेता, करारात लिहून. बऱ्याच शहरांत असते ही सोय, पण मागितली तरच मिळते आणि पत्रकात तळाला बारीक अक्षरात असते. भरलेला २४० लिटरचा डबा उतारावरून ओढून बघा एकदा म्हणजे कळेल. आईचा डबा गेल्या पावसात तिच्या हातून सुटला आणि घरंगळत जाऊन शेजारच्यांच्या गाडीला लागला, डब्याला काही झालं नाही.

---

कोपऱ्यावरचं_घर

अपडेट देते, जाऊन आले सुनावणीला.

तीन मिनिटांत काय काय कोंबणार, पण वहीतला सहा गाड्यांचा हिशोब वाचला तेव्हा सभागृहात जरा हशा झाला आणि मग लोक ऐकायला लागले. लहान डबा पंधरा दिवसांतून एकदा, हा पर्याय 'विचाराधीन'. गावाला गेल्यावर बिल बंद, हो म्हणाले, पण सलग चार आठवडे गेलात तरच. आजोबांची सोय आहे, पत्रकाच्या तिसऱ्या पानावर आहे म्हणे, घरी येऊन भिंगाने वाचलं तर खरंच होती. चुकलेल्या डब्याला दंड आहे, बोकाजी, आणि पुरावा जीपीएसचा नाही तर डबा उचलल्याचा फोटो लागणार, हे एका बाईंनी उभं राहून मागून घेतलं, मी नाही.

रद्दीच्या भावाचं विचारलं तर पुढे बसलेल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. लेखी उत्तर देऊ म्हणालेत.

शेअरिंग नाहीच मिळालं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या तुझा डबा तू माझ्या अंगणात ठेव, तुझ्याकडे जागा कुठेय. म्हणजे डबे दोन आणि ओढणारी मी एकटीच.

एक राहिलं, तो लोखंडी हात येतो तेव्हा डब्याचं तोंड कुठे करायचं? पत्रकातल्या चित्रात कळत नाहीये.

---

पट्ट्यावरून

चाकं घराकडे, झाकण रस्त्याच्या बाजूला उघडेल असं. उलटा ठेवलात तर झाकणाचं बिजागर तुटतं आणि मग ते झाकण आमच्या पट्ट्यावर येतं.